मंडळाची ॲम्ब्युलन्स: चावी खिळ्यालाच असू द्यायची, की पगारी माणूस नेमायचा?

मलप्रभेकाठी

बुधवारी मंडळाची बैठक आहे, विषय एकच. म्हणून इथं लिहितोय. जाणकारांनी बोलावं, बाकीच्यांनीही बोलावं, फक्त या धाग्यावर सीमाप्रश्न सोडवायला बसू नये.

आमचं गाव खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या अंगाला. गाव आणि आजूबाजूच्या वाड्या मिळून चारशे उंबरा. अकरा वर्षांमागं गणपतीच्या वर्गणीतून शिल्लक राहिली, पुण्या-मुंबईच्या गाववाल्यांनी भर घातली आणि मंडळानं एक जुनी ओम्नी घेतली. पुढं ती विकून मोठी गाडी घेतली, रीतसर ॲम्ब्युलन्स म्हणून पासिंग केलेली. गाडी देवळामागच्या पत्र्याच्या शेडात असते. चावी शेजारच्या किराणा दुकानात खिळ्याला. फोन आला की यादीतल्या बारा जणांपैकी जो गावात असेल तो पळतो. डिझेल रुग्णाच्या घरच्यांना झेपलं तर त्यांचं, नाही तर मंडळाचं. चालवणाऱ्याला चहा.

आता त्या बारांतले पाच गोव्यात कामाला आहेत. तिघे बेळगावात उद्यमबागेत, संध्याकाळी घरी येतात. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तो मी. उरले तिघे, आणि ते रोपलावणीला शेतात असले की मोबाइल बांधावरच्या पिशवीत.

म्हणजे रात्री दोन वाजता फोन करा, दहा मिनिटांत गाडी दारात. दुपारी बाराला करा, कोणी नाही.

गेल्या पावसाळ्यात तेच झालं. लावणी चालू, एका बाईंना नाग चावला. १०८ ला फोन केला, पण त्या वेळी जवळची गाडी दुसरा रुग्ण घेऊन निघालेली. ती येईल तेव्हा येईल म्हणून आमची काढायची ठरली, तर चालवायला माणूस शोधण्यात पंचवीस मिनिटं गेली. शेवटी दुकानदाराचा एकोणीस वर्षांचा पोरगा बसला. खानापुरात इंजेक्शन सुरू झालं आणि बेळगावला न्या म्हणाले. वाटेत बाईंच्या पापण्या मिटायला लागल्या, आवाज घोगरा झाला. मागं त्यांच्याजवळ त्यांची जाऊ होती, ती देवाचं नाव घेत बसलेली. दुसरं काय करणार बिचारी.

बाई वाचल्या. आमच्यामुळं वाचल्या असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

तर प्रश्न असा: दोन ड्रायव्हर पगारावर नेमावेत का? जुनी मंडळी म्हणतात, पगार सुरू झाला की सेवा संपली. पोरं म्हणतात, सेवा कधीच संपलीय, फक्त गाडी उरलीय.

तिरकस

पगार सुरू झाला की सेवा संपली म्हणणारे स्वतः पेन्शन घेतात का?

मलप्रभेकाठी

घेतात. हेडमास्तर होते. पण सलाईन लावून घेऊनसुद्धा गाडी चालवलेली आहे त्यांनी, तेव्हा जरा दमानं.

कडोलीकर

आमच्याकडचा अनुभव सांगतो, नाव कुणाचं घेत नाही. आम्ही चार वर्षांमागं एक पगारी ड्रायव्हर ठेवला. पहिला महिना सगळे खूश. दुसऱ्या महिन्यापासून यादीतल्या पोरांचे फोन रात्री बंद. विचारलं तर म्हणे, "पगारी हाय की, त्याला उठवा." माणूस एक, दिवस-रात्र चोवीस तास. सलग तीन रात्री झोप नाही, चौथ्या दिवशी त्यानं गाडी वळणावरच्या बांधावर चढवली. नशीब, रुग्ण सोडून परत येत होता.

त्याहून वाईट गोष्ट पुढं कळली. आमच्या गाडीतले रुग्ण एकाच खाजगी दवाखान्यात जायला लागले. हाडाचं दुखणं असो की पोटाचं, गाडी तिथंच. दवाखाना रुग्णामागं ड्रायव्हरला पैसे देत होता. फुकट चालवणाऱ्या पोरांच्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. पगार कमी आणि विचारणारं कोणी नाही, मग येतं डोक्यात.

पगार देऊ नका असं म्हणत नाही. पण दिलात तर पुरता द्या, आणि गाडी कुठं गेली, कुणी ठरवलं, हे रजिस्टरमध्ये लिहून घ्या. आम्ही दोन्ही केलं नाही.

जर्सीवासी

मूळ बेळगाव, शहापूर. गेली वीस वर्षं न्यू जर्सीत. धागा वाचून हसू आलं, कारण हुबेहूब हेच भांडण आमच्या गावात ऐकलंय, फक्त इंग्रजीत.

इथं गावोगाव स्वयंसेवकांची पथकं आहेत. दिवसा दुकान चालवणारे, शाळेत शिकवणारे लोक ट्रेनिंग घेऊन रात्री गाडीवर बसतात. अमेरिकेत ही प्रथा जुनी, व्हर्जिनियातल्या रोआनोकला १९२८ साली पहिलं स्वतंत्र पथक निघालं. पण आता लोक पन्नास मैलांवर नोकरीला जातात आणि दिवसा गावात माणूस मिळत नाही. तुमचा गोवा, आमचा मॅनहॅटन. बऱ्याच गावांनी मधली वाट काढली: सोमवार ते शुक्रवार दिवसा पगारी माणसं, रात्री आणि शनिवार-रविवार स्वयंसेवक. काही ठिकाणी ते नीट चाललं. काही ठिकाणी दोन गट पडले, पगारी लोक स्वयंसेवकांना हौशी म्हणतात आणि स्वयंसेवक त्यांना भाडोत्री.

एक फरक आहे. इथं पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीकडून वसूल होतात.

मला दरमहा काही पाठवायला आवडेल. कुठं पाठवू?

तिरकस

म्हणजे भांडण आयात करायची गरज नाही, स्वदेशी उपलब्ध आहे.

कायदेबाज

जर्सीवासी, थांबा. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमची वर्गणी ही परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी मंडळाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. ती नसताना घेऊ नका. बरीच मंडळं अजाणता यात अडकतात.

आता मूळ मुद्दा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर, हातून काही चुकलं तरी, दिवाणी-फौजदारी जबाबदारी येऊ नये म्हणून. पण त्याची व्याख्या नीट वाचा: सद्हेतूनं, स्वेच्छेनं आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणारा. पगारी माणूस त्यात बसत नाही. शिवाय ते कलम रस्ते अपघातापुरतं आहे. साप चावलेल्या बाई त्यात येत नाहीत, गाडी पगारी चालवो की फुकट.

"मानधन म्हणू, पगार म्हणायला नको" असा सल्ला बैठकीत कुणीतरी देणारच. शब्द बदलून भागत नाही. ठरलेल्या वेळी हजर राहायला सांगून दरमहा ठरलेली रक्कम दिली, की तो नोकरच. एकच ड्रायव्हर असला आणि कामावर असताना त्याला अपघात झाला, तरी कायद्यानं भरपाई द्यायची जबाबदारी मंडळावर येते. गाडीच्या विम्यात पगारी चालकाचं कव्हर वेगळं जोडून मिळतं, ते घ्या. आणि खरं सांगायचं तर स्वयंसेवकांचाही अपघात विमा काढायलाच हवा होता. अकरा वर्षं काढला नसेल अशी माझी पैज.

लायसन्सबद्दल कुणी विचारण्याआधीच: साडेसात हजार किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं हे पक्कं केलं.

मलप्रभेकाठी

पैज जिंकलात.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून आकडे मांडू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाची ड्यूटी ४८ तास. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण-लग्नसराई धरून चार. "दोन ड्रायव्हर ठेवू" म्हणणाऱ्यांनी कडोलीकरांचा बांधावरचा प्रसंग पुन्हा वाचावा.

चालक आणि मागं बसणारा प्रशिक्षित माणूस, अशा दोन खुर्च्या धरल्या तर आठ जण. समजा प्रत्येकी सोळा हजार, तर महिन्याला १ लाख २८ हजार. वर्षाला पंधरा लाखांच्या वर. गणपतीच्या वर्गणीत बसत नाही, गणपती दोनदा बसवला तरी.

आता फक्त दिवसाचं बघा. सोमवार ते शनिवार सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे ७२ तास. एका खुर्चीला दोन माणसं. महिन्याला ३२ हजार, वर्षाला ३ लाख ८४ हजार. चारशे उंबऱ्याला भागा. घरटी वर्षाला ९६०, महिन्याला ८० रुपये. मोबाइलचं रिचार्ज किती रुपयांचं मारता?

पण यात एकच खुर्ची बसते. कुठली, ते तुम्ही ठरवा.

सिस्टर_निपाणीच्या

हिशेबनीसांनी शेवटी जे विचारलं तोच खरा प्रश्न आहे, आणि अख्ख्या धाग्यात सगळे ड्रायव्हर-ड्रायव्हर करतायत.

मी बावीस वर्षं नर्स आहे. कॅज्युअल्टीच्या दारात गाडी येते, पुढून ड्रायव्हर उतरतो आणि अभिमानानं सांगतो, "पस्तीस मिनिटांत आणलं." मागचं दार उघडलं की रुग्ण उताणा, तोंडात फेस, जीभ मागं पडलेली. नळीची गाठ तशीच, ऑक्सिजन सिलिंडर आहे पण उघडायची किल्ली घरी. पस्तीस मिनिटांत आणलं खरं, पण त्यातली वीस मिनिटं तो श्वासच घेत नव्हता.

नाग किंवा मण्यार चावल्यावर माणूस जातो तो श्वासाचे स्नायू लुळे पडून. इंजेक्शन काम करेपर्यंत कुणीतरी ॲम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत राहिलं तर बेळगाव काय, हुबळीपर्यंत नेता येतो. पापण्या मिटणं, आवाज बदलणं ही त्याची पहिली खूण. ती बघितल्यावर घाबरायचं नसतं, बॅग हातात घ्यायची असते. हे शिकवता येतं. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं, बाळंतीण वाटेत मोकळी झाली तर बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवून दोघांना झाकणं, अपघातातल्याला हातपाय धरून न उचलता मान सरळ ठेवून स्ट्रेचरवर घेणं, हेही येतं शिकवता. पण शिकलेलं माणूस दर वेळी गाडीत हवं. बारांतलं जे सापडेल ते नको.

सिलिंडरचंही सांगते. गाडीत असतो तो बी टाइप, साधारण १५०० लिटरचा. मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास. भरलेला असेल तर. दर सोमवारी प्रेशर बघून वहीत लिहायचं, हे काम स्वयंसेवक अकरा वर्षं करत नाहीत. अनुभव आहे. उत्साह रात्री दोन वाजता असतो, सोमवारी सकाळी नसतो. पगार द्यायचा तो त्या सोमवारच्या सकाळसाठी.

ड्रायव्हर गावात सापडेल हो. मागच्या खुर्चीचा पगार आधी ठरवा.

कडोलीकर

किल्ली घरी... सिस्टर, आमच्या गाडीची किल्ली कुठाय ते आत्ता जाऊन बघतो.

शिनोळीचा

मी हद्दीवरचा. अलीकडं कर्नाटक, पलीकडं चंदगड तालुका, घर महाराष्ट्रात, बाजार बेळगावात. आमच्याकडं १०८ लावला तर मोबाइलनं ज्या राज्याचा टॉवर धरला असेल तिकडं फोन लागतो. घराच्या पुढच्या सोप्यातून केला तर बेंगळुरू, मागच्या परसातून केला तर पुणे, असा आमचा विनोद आहे. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर, पण पोटात दुखायला लागलं की बेळगाव जवळ. गाडी एमएच-०९ असो की केए-२२, घाईत तिकडंच पळते.

योजनांचंही तसंच. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावर दोन राज्यांत वाद झाला. त्या वादात जात नाही. मुद्दा असा, की कुठलं कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं हे माहीत असलेला माणूस गाडीत असला, तर घरच्यांचे पन्नास हजार वाचतात. कोविडात कोगनोळीच्या नाक्यावर कागद मागत होते तेव्हा आमची गाडी कशी सुटली? नाक्यावरच्या पोलिसाशी कन्नडात बोलणारा पोरगा पुढं बसला होता म्हणून. "अण्णा, बेग बिड्री" (दादा, लवकर सोडा) एवढंच म्हणाला. पगारी नेमताना जाहिरातीत दोन्ही भाषा लिहा.

स्वाभिमानी_बेळगावकर

सगळं बरोबर, पण मुळात बेळगाव महाराष्ट्रात असतं तर हा प्रश्नच

संपादक

प्रतिसाद अर्धा कापला आहे, यानंतरचे चौदा उडवले आहेत. पहिल्या परिच्छेदात लेखकानं हात जोडले होते.

आशाची_लेक

माझी आई आशा कार्यकर्ती आहे. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून या बायका आल्या. सरकारदरबारी त्यांचं नाव "स्वयंसेविका". मध्यरात्री बाळंतिणीबरोबर जाते तीच, गोळ्या वाटते तीच, सर्व्हे करते तीच. पगार मागितला की सांगतात, तुम्ही स्वयंसेविका. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात थंडीत बसून आल्या, तेव्हा कुठं महिना दहा हजारांचं आश्वासन मिळालं. त्यामुळं "सेवेचं मोल होत नाही" हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. मोल होत नाही म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी देत नाही.

काका, एक विचारू का? तुमच्या बारांच्या यादीत एकही बाई नाही. दिवसा गावात माणूस नसतं म्हणता. माणूस असतं की. चारशे घरांत दुपारी बाराला कोण असतं? स्कूटी चालवणाऱ्या, ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोरी आमच्या गावात आठ-दहा तरी आहेत. त्यांना कधी विचारलंय?

तिरकस

आज माझ्याकडं टोमणा शिल्लक नाही.

मलप्रभेकाठी

विचारलं नाही. सुचलंच नाही, हे कबूल करतो. बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "अकरा वर्षं चहा मीच करूलाय की त्या चालवणाऱ्यांना."

सुभेदार_निवृत्त

उशिरा लिहितोय. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, २४ वर्षं. आता हिंडलग्याला घर.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. तालुक्यातल्या गावागावांत पेन्शनवर आलेला फौजी आहे. चाळिशीत घरी येतो, हातपाय धड असतात, वेळ खायला उठतो. त्यात गाडी चालवणारे आहेत आणि माझ्यासारखे पट्टी-सुई-स्ट्रेचर केलेलेही आहेत. त्यांना सोळा हजार नकोत. पण फुकटही नको. आठवड्याची ठरलेली पाळी द्या, नाव लिहिलेला कागद भिंतीला लावा आणि महिन्याला थोडं द्या. फौजीला ड्यूटी दिली की तो येतो. "जमेल तसं या" म्हटलं की येत नाही. बाकीच्यांचंही तसंच असणार.

प्रत्येक माणूस सगळ्या वेळी जबाबदार असला की कुठल्याच वेळी कुणी नसतो. तुमची बारांची यादी ही पाळी नव्हे.

सिस्टरांनी लिहिलेलं सगळं मी दोन रविवारांत शिकवीन. बॅग दाबायचा डमी माझ्याकडं आहे.

मलप्रभेकाठी

बैठक झाली. पाच तास चालली, मध्ये एकदा मोडली, पोहे आल्यावर पुन्हा भरली.

ड्रायव्हर पगारावर ठेवायचा नाही असं ठरलं. मागच्या खुर्चीला सोमवार ते शनिवार दिवसा दोन माणसं पगारावर घ्यायची, पाळीनं. सिलिंडर, वही, किल्ली त्यांच्याकडं. शेजारच्या वाडीतली जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालेली एक मुलगी घरीच आहे, तिनं होकार दिलाय, पण तिची अट आहे की सुट्टी म्हणजे सुट्टी, रविवारी फोन नाही. हेडमास्तर या अटीवर चिडले होते. मग त्यांनीच सगळ्यात आधी वर्षाचे ९६० काढून ठेवले. दुसरा माणूस अजून शोधतोय.

वर्गणीवरून मात्र वाजलं. वरच्या वाडीचं म्हणणं, आमच्यापर्यंत पावसाळ्यात गाडी येतच नाही, ओढ्याच्या अलीकडं थांबते, तिथपर्यंत आम्ही रुग्ण डोलीतून आणायचा आणि वर ऐंशी रुपये पण द्यायचे? याला उत्तर नव्हतं. त्यांना निम्मं धरलंय, पण ते उत्तर नाही हे आम्हालाही कळतं. ओढ्यावरच्या साकवाचा अर्ज तीन वर्षं पडून आहे.

रात्रीची यादी राहिली, पण आता वारानुसार नावं लिहून. सगळ्यांचा अपघात विमा काढायचा. दवाखाना कुठला ते घरचे ठरवणार आणि वहीत सही करणार, हे कडोलीकरांमुळं घातलं.

दिवसा चालवायला चार जणींनी नावं दिली. एकीला लायसन्स आहे, तिघींना काढायचंय. माझ्या सुनेचं नाव त्यात आहे हे मला बैठकीतच कळलं.

आणि दुकानदार म्हणाला, खिळा जरा वर आहे, उद्या खाली ठोकतो.

सुभेदार_निवृत्त

रविवारी सकाळी सातला येतो. गाडीची सीट पुढं सरकते का बघून ठेवा. ओम्नीच्या काळापासून कुणी सरकवली नसेल.

कडोलीकर

आमची सिलिंडरची किल्ली सापडली. जुन्या ड्रायव्हरच्या घरी होती. येऊ का मी पण रविवारी?